९११ वर आधी पत्ता, मग हकिकत

अमेरिकेतल्या मराठी घरांत तातडीच्या मदतीचा ९११ हा आकडा लहान पोरांनाही पाठ असतो. घोळ होतो तो फोन उचलला गेल्यानंतर. चुका तीनच, पण पुन्हा पुन्हा होणाऱ्या. पत्ता सोडून हकिकत सुरू करायची, "प्रश्न नंतर विचारा, आधी गाडी पाठवा" म्हणून हुज्जत घालायची आणि समोरचं माणूस बोलत असतानाच फोन ठेवून द्यायचा.

तिन्ही चुकांमागे एकच गैरसमज आहे. आपलं बोलणं संपल्यावरच तिकडे हालचाल सुरू होते, असं आपण धरून चालतो. काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, ९११ केंद्रात साधारणपणे दोन कामं वेगळी असतात. फोन घेणारा कॉलटेकर प्रश्न विचारत उत्तरं संगणकावर टाइप करतो. रेडिओवरचा डिस्पॅचर तीच नोंद आपल्या पडद्यावर उमटताना वाचतो आणि गाड्या सोडतो. पत्ता आणि त्रासाचं स्वरूप नोंदवलं गेलं की गाडी निघू शकते, आणि पुढचे प्रश्न ती रस्त्यात असताना चालू राहतात. छोट्या काउंटीत रात्रपाळीला दोन्ही कामं एकाच माणसाकडे असतात, तरी क्रम हाच. प्रश्नांनी उशीर होत नाही. उशीर होतो तो त्या प्रश्नांशी भांडण्यात.

हा लेख अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी आहे, आणि सहा महिने मुलांकडे राहायला येणाऱ्या आईबाबांसाठी त्याहून जास्त. दुपारी घरी एकटे तेच असतात.

१. आजच करायची तयारी

एक कागद घ्या आणि मोठ्या अक्षरात पुढच्या गोष्टी लिहून फ्रिजवर चिकटवा:

- घराचा पूर्ण पत्ता. रस्त्याच्या नावामागचा ड्राइव्ह, कोर्ट, लेन हा शेवटचा शब्द आणि पुढचं नॉर्थ किंवा वेस्ट गाळायचं नाही. एकाच काउंटीत एकाच नावाचे ड्राइव्ह, कोर्ट आणि लेन असतात, आणि ते मैलभर लांबही असू शकतात.
- इमारतीचा क्रमांक, अपार्टमेंट क्रमांक, मजला, गेटचा कोड.
- जवळचा आडवा रस्ता.
- गावाचं नाव आणि काउंटीचं नाव. पोस्टाच्या पत्त्यात लिहितो ते गाव आणि घर ज्या हद्दीत येतं ते गाव वेगळं असू शकतं.
- घरातल्या मोबाइलचा दहा आकडी क्रमांक.
- आईबाबांची जन्मतारीख, महिना आधी लिहून.
- आजार, अॅलर्जी आणि औषधं.

औषधांबाबत एक गोष्ट जवळजवळ सगळे विसरतात. भारतातली ब्रँडची नावं तिथल्या पॅरामेडिकला, म्हणजे अँब्युलन्ससोबत येणाऱ्या प्रशिक्षित माणसाला, कळत नाहीत. इकोस्प्रिन म्हटलं तर त्याला बोध होणार नाही, अॅस्पिरिन म्हटलं की लगेच कळेल. ग्लायकोमेटच्या जागी मेटफॉर्मिन, टेल्माच्या जागी टेल्मिसार्टन, क्रोसिनच्या जागी असेटामिनोफेन असं लिहा. पाकिटावर बारीक अक्षरात असलेलं मूळ औषधाचं नाव उतरवून घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती सगळ्यात वर, लाल पेनाने. पडून डोक्याला मार लागला किंवा पक्षाघाताची शंका आली, तर पहिल्या काही प्रश्नांत "ब्लड थिनर चालू आहे का?" हा प्रश्न असतोच.

आता उच्चारांकडे. इथे आपण मराठी माणसं हमखास अडकतो.

- व्ही आणि डब्ल्यू आपल्या तोंडी सारखेच येतात. "व्हाइन कोर्ट" की "वाइन कोर्ट" हे समोरच्याला कळत नाही. अक्षरं सुटी सांगा: व्ही अॅज इन व्हिक्टर, डब्ल्यू अॅज इन विल्यम.
- "डबल थ्री", "ट्रिपल फाइव्ह" म्हणू नका. कानाला सवय नसल्याने समोरचा थबकतो. "थ्री थ्री" म्हणा.
- फिफ्टीन आणि फिफ्टी, थर्टीन आणि थर्टी फोनवर एकच ऐकू येतात. प्रत्येक आकडा सुटा सांगा: वन, फाइव्ह.
- आपला तळमजला म्हणजे तिथला फर्स्ट फ्लोअर. आपल्या हिशेबाने पहिल्या मजल्यावर राहत असाल, तर "सेकंड फ्लोअर" सांगा. ही चूक झाली की स्ट्रेचर घेऊन आलेली माणसं भलत्याच मजल्यावर दारं वाजवत फिरतात.
- "फ्लॅट" नाही, "अपार्टमेंट". "देवळासमोर", "पटेल ब्रदर्सच्या मागे" या खुणा पत्त्यानंतर सांगा, पत्त्याऐवजी नव्हे.

फोनचीही तयारी लागते. भारतातलं सिम रोमिंगवर असलं तरी ९११ लागतो. चालू प्लॅन नसलेल्या जुन्या मोबाइलवरूनही लागतो, फक्त कॉल तुटला तर केंद्राला त्यावर उलट फोन करता येत नाही. व्हॉट्सअॅपवरून ९११ लावायच्या भानगडीत पडू नका. इंटरनेटवर चालणारा घरचा फोन असेल, तर त्याच्या खात्यात नोंदवलेला पत्ता आजच तपासा. घर बदललं आणि तो पत्ता जुनाच राहिला, तर केंद्राच्या पडद्यावर जुनं घर येतं आणि गाडी तिकडे निघते.

*तपासणी:* कागद आईबाबांना मोठ्याने वाचायला सांगा. शेजारच्या खोलीतून ऐकून पत्ता लिहून घ्या. तुमच्या कागदावर चूक आली, तर कॉलटेकरच्याही येईल.

*सावध:* सराव म्हणून ९११ ला फोन करून बघायचा नाही.

२. फोन करावा की नाही

यावर फार वेळ घालवायचा नसतो. श्वासाचा त्रास, छातीत दुखणं, बेशुद्धी, चेहरा वाकडा होणं किंवा बोलणं अडखळणं, न थांबणारं रक्त, आग, गॅसचा वास, चालू असलेला गुन्हा, जखमी असलेला अपघात यांपैकी काहीही असलं तर ९११. गाडीला रात्री कुणीतरी ओरखडा मारून गेलं असेल, तर स्थानिक पोलिसांचा साधा क्रमांक. मानसिक संकटासाठी किंवा आत्महत्येचे विचार येत असल्यास ९८८. मुलाने चुकून काही गिळलं पण तो शुद्धीवर आणि ठीक आहे, तर विषबाधा केंद्र: १-८००-२२२-१२२२. तो पेंगत असेल किंवा श्वास बिघडला असेल, तर पुन्हा ९११ च.

अनेक घरांत फोन उशिरा होतो तो पैशांमुळे, त्यामुळे तेही स्पष्ट सांगायला हवं. ९११ लावायला पैसे पडत नाहीत. बिल येतं ते अँब्युलन्सचं, आणि ते मोठं असू शकतं. अनपेक्षित वैद्यकीय बिलांपासून संरक्षण देणारा केंद्रीय कायदा २०२२ पासून लागू आहे, पण रस्त्यावरची अँब्युलन्स त्यातून वगळलेली आहे. म्हणून आईबाबांचा प्रवास विमा घेतानाच त्यात अँब्युलन्स बसते का ते पाहून ठेवा. छातीत दुखणाऱ्या माणसाला स्वतःच्या गाडीतून नेण्यात मात्र शहाणपण नाही. रस्त्यात हृदय बंद पडलं, तर गाडी चालवणारा काहीही करू शकत नाही.

३. पहिली वीस सेकंदं

फोन लावा, स्पीकरवर टाका, रुग्णाजवळ थांबा.

घंटा वाजत राहिली तर ठेवू नका. ९० टक्के कॉल १५ सेकंदांत उचलले जावेत असं तिथलं मानक आहे, पण महामार्गावर अपघात झाला की एकाच वेळी वीस जण फोन करतात. तुम्ही ठेवून पुन्हा लावलात की रांगेत शेवटी जाता. शिवाय तुटलेल्या कॉलला उलट फोन करण्यात कुणीतरी अडकतं.

बहुतेक केंद्रं पहिला प्रश्न पत्त्याचाच विचारतात: "व्हॉट इज द अॅड्रेस ऑफ युवर इमर्जन्सी?" जुन्या पद्धतीने "काय झालं?" असं विचारलं, तरी तुम्ही पत्त्यापासूनच सुरुवात करा. लगेच दुसऱ्यांदा सांगा. बऱ्याच केंद्रांत पत्ता दोनदा पडताळूनच घेतात. "मी आत्ताच सांगितलं ना" म्हणून चिडू नका.

"मोबाइलवरून त्यांना जागा दिसतेच की" हा समज अर्धाच खरा आहे. केंद्रीय नियमानुसार मोबाइल कंपन्यांना ८० टक्के कॉलमध्ये जागा ५० मीटरच्या आत दाखवावी लागते. स्वतंत्र घरासाठी हे पुरेसं आहे. अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये मात्र ५० मीटरच्या वर्तुळात तीन इमारती आणि साठ दारं येतात.

मोबाइलचा कॉल अजूनही कधी कधी टॉवरनुसार जातो, आणि तेव्हा काउंटीच्या सीमेजवळ तो शेजारच्या केंद्रात पोचू शकतो. म्हणून गाव आणि काउंटी सांगायची. कॉल वर्ग करत असतील तर गप्प थांबा, फोन ठेवू नका. काही काउंटींत पोलिसांचं केंद्र फोन घेतं आणि आजारपण असेल तर अग्निशमन किंवा वैद्यकीय केंद्राकडे देतं. तिथे पत्त्यापासून सगळं पुन्हा सांगावं लागेल. ती तिथली रचनाच आहे, तुमचा कॉल हरवलेला नाही.

इंग्रजी अडत असेल तर आईबाबांना एवढं पाठ करून घ्या: आधी पत्ता, मग "मराठी इंटरप्रिटर" किंवा "हिंदी इंटरप्रिटर". केंद्र फोनवरच दुभाष्याला जोडून घेतं. हिंदी चांगलं येत असेल तर हिंदी मागितलेलं बरं, कारण त्याचा दुभाषी सहसा लवकर मिळतो. जोडणी होईपर्यंत मधे शांतता असते, तेव्हा फोन तुटला असं समजून ठेवू नका. दुभाषी आल्यावर एकेक वाक्य बोलून थांबायचं.

४. प्रश्नांचा क्रम, आणि त्यांना हवे ते शब्द

पत्त्यानंतर फोन क्रमांक, मग "नेमकं काय झालं ते सांगा". इथे एकच वाक्य: "माझे वडील, वय ७२, छातीत दुखतंय, घाम आलाय." सकाळी काय खाल्लं, काल रात्री झोप लागली नाही, गेल्या वर्षी पुण्यात अँजिओग्राफी झाली होती, हे सगळं नंतर. मग वय, शुद्धीवर आहे का, श्वास चालू आहे का. ही चार-पाच उत्तरं मिळाली की कॉलटेकर ठरलेल्या प्रश्नपत्रिकेवर जातो. छातीदुखीची वेगळी, पडण्याची वेगळी, पक्षाघाताची वेगळी. अनेक काउंटी वापरतात त्या पद्धतीत उत्तरांवरून कॉलला ओमेगा, अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा किंवा एको अशी श्रेणी मिळते. कोणती गाडी, किती गाड्या, भोंगा वाजवत की साध्या वेगाने, हे काउंटी त्या श्रेणीवरून ठरवते. म्हणून उत्तर फुगवू नका आणि दडवूही नका.

आपल्याकडच्या इंग्रजीतले काही शब्द तिथे निसटतात:

- "ही इज सिरियस" यातून काहीच कळत नाही. "नॉट अवेक" किंवा "कॅनॉट ब्रीद" सांगा.
- "फिट्स आल्या" याला "सीझर" (seizure).
- "गिडीनेस" याला "डिझी". पूर्ण शुद्ध हरपली असेल तर "पास्ड आउट".
- "लूज मोशन" याला "डायरिया".
- "करंट लागला" याला "इलेक्ट्रिक शॉक", आणि वीज बंद केली की नाही तेही सांगा.
- "गॅस झालाय" हे तर अजिबात नको. छातीत जळजळतंय, दाबल्यासारखं वाटतंय, डाव्या हाताला कळ जातेय, जे होतंय ते सांगा आणि निदान त्यांच्यावर सोडा. शिवाय तिथे "गॅस" म्हणजे पेट्रोलही, आणि स्वयंपाकाचा गॅसही.

श्वासाच्या प्रश्नाला घाईने "हो" म्हटल्याने जीव जातात. हृदय बंद पडलेला माणूस सुरुवातीची काही मिनिटं घुरघुरतो, मासा पाण्याबाहेर काढल्यावर तोंड उघडतो तसे आचके देतो. घरच्यांना वाटतं श्वास चालू आहे. तो श्वास नव्हे. छातीकडे बघा. लयीत वर-खाली होत नसेल, तर उत्तर "नॉट ब्रीदिंग नॉर्मली" हेच. शुद्ध नाही आणि श्वास नीट नाही, ही दोन उत्तरं मिळताच कॉलटेकर बाकीची प्रश्नपत्रिका सोडून थेट छाती दाबायला सांगतो.

पक्षाघाताच्या शंकेत "केव्हा सुरू झालं?" यापेक्षा "शेवटचं धडधाकट केव्हा पाहिलं?" हा प्रश्न महत्त्वाचा. रक्ताची गाठ विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते तास या वेळेपासून मोजतात. घड्याळातली वेळ सांगा. "सकाळी" नको, "नऊ वाजून दहा मिनिटांनी चहा घेताना ठीक होते" असं सांगा.

*तपासणी:* कॉलटेकरने प्रश्न विचारल्यावर तुमचं उत्तर पाच शब्दांपेक्षा लांब जातंय का? थांबा. त्याला अजून हवं असेल तर तो विचारेल.

५. तिकडे काय चाललेलं असतं

घरी आग लागलेली नसताना दारात बंब येतो, आणि लोक गोंधळतात. बंब चुकून आलेला नसतो. अग्निशमन ठाणी गावभर विखुरलेली असतात, त्यामुळे बंब बहुधा अँब्युलन्सच्या आधी पोचतो, आणि त्यावरची माणसं बहुतेकदा इएमटी (तातडीच्या उपचारांचं प्रशिक्षण घेतलेली) किंवा पॅरामेडिक असतात. पगारी अग्निशमन दलांसाठीच्या मानकात वैद्यकीय कॉलला ठाण्यातून निघायला ६० सेकंद आणि पहिल्या गाडीला पोचायला ४ मिनिटं असं उद्दिष्ट धरलेलं आहे. ग्रामीण काउंटीत स्वयंसेवक आपापल्या घरून किंवा कामावरून निघतात. तिथे हा हिशेब चालत नाही, आणि म्हणूनच फोनवरच्या सूचना पाळणं तिथे जास्तच गरजेचं.

न्यू जर्सीत अँब्युलन्स सहसा गावच्या पथकाची असते आणि पॅरामेडिक रुग्णालयाच्या वेगळ्या गाडीतून येतात. दोन गाड्या आणि वर एक पोलीस, असं पथक दारात उभं राहिलं तर ते नेहमीचंच समजा.

एक दृश्य लोकांना फार संतापवतं: अँब्युलन्स दोन गल्ल्या अलीकडे दिवे लावून नुसती उभी. घरात मारहाण झाली आहे, हत्यार आहे किंवा कुणी आक्रमक आहे, असं फोनवर सांगितलं गेलं, तर पोलीस जागा सुरक्षित असल्याचं कळवेपर्यंत वैद्यकीय पथक लांब थांबतं. तिकडे धावत जाऊन काच ठोठावून काही होत नाही. हल्लेखोर निघून गेला असेल, तर ते फोनवर सांगा. डिस्पॅचरमार्फत गेलेली बातमीच गाडी पुढे आणते.

६. मदत येईपर्यंत: सांगितलं तेवढंच

छाती दाबायला सांगितलं, तर रुग्णाला पलंगावरून खाली, कठीण जमिनीवर उताणा घ्या. गादी दबते आणि छाती दबत नाही. तळहाताची टाच छातीच्या मधोमध, दुसरा हात त्यावर, कोपरं सरळ. मोठ्या माणसाची छाती किमान ५ सेंटिमीटर खाली गेली पाहिजे, मिनिटाला १०० ते १२० वेळा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. बरगडी मोडल्याचा आवाज आला तरी थांबू नका. छाती न दाबता जाणाऱ्या दर मिनिटागणिक वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. दोघं असाल तर दोन-दोन मिनिटांनी बदला, कारण थकलेला माणूस उथळ दाबतो आणि ते त्याच्या लक्षातही येत नाही. पथक येऊन "आम्ही घेतो" म्हणेपर्यंत हात चालू ठेवा. दारात पाय वाजले म्हणून सोडून देणारे बरेच असतात. लहान मुलांची आणि बुडालेल्या माणसाची पद्धत वेगळी असते, ती फोनवरून सांगतील.

फिट आली असेल तर कांदा, चप्पल, दातांत चमचा यांतलं काहीही नाही. हातपाय धरून ठेवायचे नाहीत. आजूबाजूचं टोकदार सामान सरकवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या आणि घड्याळ बघा. किती मिनिटं चालली हे पहिलं विचारतील. थांबल्यावर कुशीवर वळवा.

बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालणं ही आपल्याकडची जुनी खोड. ते पाणी फुप्फुसात जातं. साखर कमी झाली असेल या अंदाजाने तोंडात साखर कोंबणंही तसंच, शुद्ध नसेल तर नाही.

छातीत दुखत असल्यास काही केंद्रं अॅलर्जी आणि रक्तस्रावाबद्दल विचारून अॅस्पिरिन चघळायला सांगतात. सांगितलं तरच द्या, आणि दिल्याची वेळ लक्षात ठेवा.

फोडणीच्या तेलाने पेट घेतला तर पाणी ओतू नका. बर्नर बंद, झाकण वर, कढई जागेवरून हलवायची नाही. ज्वाळा कढईबाहेर गेल्या असतील, तर सगळे बाहेर आणि फोन बाहेरूनच. पासपोर्टसाठी परत आत जायचं नाही. गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणाला हात न लावता बाहेर पडा आणि लांब जाऊन फोन करा.

७. दार, दिवा, कुत्रा

हा टप्पा सगळ्यात सोपा, आणि सर्वात दुर्लक्षित. घरात दुसरं कुणी असेल तर त्याला पाठवा, एकटे असाल तर कॉलटेकरला विचारून करा.

बाहेरचा दिवा लावा, दिवस असला तरी. मुख्य दाराची कुलपं उघडा. कुत्रा खोलीत बंद करा, तो कितीही गुणी असला तरी. दारापासून रुग्णापर्यंतची वाट मोकळी करा. चपलांचा ढीग, टीपॉय, मुलांची खेळणी यांवरून स्ट्रेचर जात नाही. मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये एकाने गेटवर आणि जमल्यास एकाने लिफ्टचं दार धरून थांबावं. औषधांचा कागद आणि गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून ठेवा.

*सावध:* भोंगा ऐकू येईनासा झाला म्हणून गाडी चुकली असं समजू नका. वस्तीत शिरताना तो बऱ्याचदा बंद करतात.

८. पथक आत आल्यावर

एकानेच बोलायचं. काका, मावशी, शेजारी सगळे एकदम बोलले की पॅरामेडिकला काहीच ऐकू येत नाही. फोनवर सांगितलेलं पुन्हा विचारतील, कारण गाडीतल्या पडद्यावर त्यांना आलेली असते ती दोन-तीन ओळींची नोंद.

आईला इंग्रजी येत नसेल तर भाषांतर करा, पण उत्तर तिला देऊ द्या. "तिला काही नाही हो, ती घाबरते" असं मधे घुसवू नका. पुरुष रुग्णाला व्हायग्रासारखी गोळी घेतली का असं विचारतील. मुलांसमोर उत्तर द्यायला अवघड वाटत असेल, तर इतरांनी खोलीबाहेर जावं. ते औषध पोटात असताना छातीदुखीवरचं नायट्रोग्लिसरिन दिलं, तर रक्तदाब धोकादायक खाली जातो. त्याच जातीची सॉर्बिट्रेटची गोळी घरात आधीच जिभेखाली दिली असेल, तर तेही आत्ताच सांगा.

तपासणीनंतर रुग्ण शुद्धीवर असेल आणि समजून निर्णय घेऊ शकत असेल, तर रुग्णालयात जायला नकार देता येतो. त्यासाठी कागदावर सही घेतात. छातीदुखी आणि पक्षाघात यांत ती सही करायची घाई नको. थोडं बरं वाटणं हे या दोन्ही दुखण्यांत फसवं असतं. रुग्णासोबत गाडीत कोण बसणार हे पथक ठरवतं. तुम्ही मागून गाडी नेत असाल, तर अँब्युलन्सच्या मागे लागून लाल दिवा तोडू नका. रुग्णालयाचं नाव विचारून घ्या आणि आपल्या वेगाने जा.

९. नेहमीपेक्षा वेगळ्या वेळा

महामार्गावर असाल तर मार्गाचा क्रमांक, दिशा, आणि जवळचं एक्झिट किंवा मैलाचा खांब. दिशा सर्वांत महत्त्वाची. नॉर्थबाउंड आणि साउथबाउंडमध्ये दुभाजक असतो, आणि चुकीच्या बाजूला गेलेल्या बंबाला पुढच्या एक्झिटपर्यंत वळता येत नाही. कॅलिफोर्नियात महामार्गावरून केलेला कॉल बऱ्याचदा हायवे पॅट्रोलकडे जातो.

बोलता येत नसेल, चोर घरात असेल, तर ९११ ला साधा एसएमएस करा. पहिल्याच संदेशात पत्ता. ही सोय सगळ्या काउंटींत नाही. जिथे नाही तिथून तसा उलट संदेश येतो, आणि मग कॉल लावून फोन चालूच ठेवायचा. संदेशात फोटो नको आणि ग्रुप तर नकोच.

आणि नोकरीवर असताना घरून आईचा फोन आला, "ह्यांना चक्कर आली", तर? तुम्ही दुसऱ्या काउंटीत असाल, तर तुमचा ९११ तुमच्याच जवळच्या केंद्रात वाजेल. घरी जमत असेल तर आईनेच ९११ लावायचा, आणि तुम्ही तिचा फोन लगेच मोकळा करायचा. तिला जमत नसेल तर घराच्या काउंटीच्या केंद्राचा दहा आकडी क्रमांक लावा. तो आधीच शोधून मोबाइलमध्ये जपून ठेवायला हवा, कारण ऐनवेळी तो चटकन सापडत नाही. तोही नसेल तर तुमच्याकडचा ९११ लावा आणि पहिल्याच वाक्यात सांगा की मदत दुसऱ्या ठिकाणी हवी आहे, मग पत्ता, काउंटी, राज्य. ते जोडून देतात. पुण्या-नाशिकला असलेल्या आईबाबांसाठीही हेच लागू: ११२ किंवा १०८ अमेरिकेतून त्यांच्या गावी लागत नाही, म्हणून जवळच्या रुग्णालयाचा आणि पोलीस ठाण्याचा पूर्ण क्रमांक हाताशी हवा.

चुकून लागला तर? स्मार्ट घड्याळाचं बटण दाबलं जातं, नातवाच्या हातात फोन असतो. लँडलाइनवरून दिल्लीला ९१-११ फिरवताना आधीचं ०११ राहिलं, तर पहिले तीन आकडे ९११ च होतात. घाबरून ठेवू नका. "सॉरी, अॅक्सिडेंटल कॉल, नो इमर्जन्सी" एवढं सांगा, नाव-पत्ता विचारला तर द्या, आणि ते ठीक आहे म्हणाल्यावर ठेवा. ठेवून दिलात तर उलट फोन येतो. तोही उचलला नाही, तर थोड्या वेळाने दारात पोलीस उभा राहू शकतो, आणि सगळे ठीक आहेत हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तो सहसा परत जात नाही.